टवका, ओरखडा आणि पोचा

हलत असेल तर सॅल्यूट मार, हलत नसेल तर रंग मार. फौजेतला हा विनोद युनिफॉर्म घातलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलाय, आणि तो फारसा विनोद नाही हेही प्रत्येकाला ठाऊक आहे. इन्स्पेक्शनची तारीख आली की झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागतो, रस्त्याकडेच्या विटा लाल-पांढऱ्या होतात आणि एमटी पार्कातल्या गाड्या ओल्या रंगाच्या वासासकट रांगेत उभ्या राहतात. हे हुकूम मी दिलेत आणि पुढेही देईन. युनिटची गाडी वापराची असते. तिचा रंग गंज अडवण्यासाठी आणि शत्रूच्या नजरेतून लपण्यासाठी असतो. उडाला की पुन्हा मारायचा, त्यात भावनेचा प्रश्न येत नाही.

अडचण अशी की ही सवय आपण रिटायरमेंटनंतर घरी घेऊन जातो. अंगणात वडिलांची फियाट असते, सासऱ्यांची अॅम्बेसेडर असते, लिलावात घेतलेली जोंगा असते. बॉनेटवर चार टवके, दारावर एक ओरखडा, मागच्या मडगार्डला पोचा. वेटरनचा पहिला विचार काय? अख्खी गाडी रंगवून टाकू. माझं मत याच्या अगदी उलट आहे, आणि म्हैसूरला पोस्टिंग झाल्यापासून ते जास्तच पक्कं झालंय. जुन्या गाडीवर कारखान्यातला मूळ रंग शिल्लक असेल तर दोष आहे तेवढाच दुरुस्त करा. बाकीच्या गाडीला हात लावू नका.

म्हैसूर हे या विषयासाठी चांगलं गाव आहे. इथे जुनी वाहनं अजून रस्त्यावर दिसतात. यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता. 1961 पासून 1996 पर्यंत जावा आणि मग येझदी इथूनच देशभर गेल्या. आजही इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी तो दोन सायलेन्सरचा आवाज ऐकू येतो. बंगळूरच्या रस्त्याला श्रीरंगपट्टणजवळ धर्मस्थळाच्या वीरेंद्र हेगडे यांच्या संग्रहाचं ‘पयण’ हे मोटारींचं संग्रहालय 2023 साली उघडलं. तिकडे गेलात तर चकचकीतपणाकडे थोडं कमी आणि दारांच्या कडा, बॅजच्या भोवतालची जागा, रबराच्या आतली बाजू इकडे थोडं जास्त बघा. गाडीवर किती वेळा रंग चढलाय ते तिथे कळतं.

हवेचाही भाग आहे. मुंबईची गाडी खाऱ्या वाऱ्याने आतून कुजते. म्हैसूर समुद्रापासून दूर, सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. इथली गाडी गंजते कमी, पण उन्हाने तिचा रंग पांढुरका पडतो, खडूसारखा. बघणाऱ्याला वाटतं रंग गेला. तो गेलेला नसतो. वरचा पातळ थर हवेने आणि उन्हाने मेलेला असतो, खाली रंग जिवंत असतो.

इथे स्थायिक झालेले एक सातारकर कर्नल साहेब दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची 1974 ची प्रीमियर पद्मिनी, हस्तिदंती रंगाची, पोर्चमध्ये उभी होती. मुलगा परदेशात. त्याने फोनवर सांगितलं की गाडी ठेवायची असेल तर पूर्ण रंग करून घ्या, नवी दिसेल. मॅडम एका गॅरेजला घेऊन गेल्या. तिथे कागदावर यादी मिळाली: सगळा रंग उतरवणे, पुट्टी, प्रायमर, तीन हात पीयू, सगळं रबर नवीन, बीडिंग नवीन. आकडा ऐकून त्यांनी मला फोन केला, आकडा योग्य आहे का एवढंच विचारायला. मी म्हटलं, मॅडम, आकडा सोडा, आधी गाडी बघू द्या.

खिशात फ्रीजवरचं चपटं चुंबक आणि एक पातळ कागद घेऊन गेलो. जुन्या गाडीची एवढी स्वस्त आणि एवढी खरी परीक्षा दुसरी नाही. कागदावरून चुंबक पत्र्याला लावत फिरायचं. जिथे ते घट्ट बसतं तिथे खाली पत्रा आहे; जिथे निसटतं तिथे पुट्टी आहे. चारही दारं, बॉनेट, डिकी, छप्पर, सगळीकडे चुंबक चिकटलं. फक्त डाव्या मागच्या मडगार्डवर हाताच्या पंजाएवढ्या जागेत सुटलं. म्हणजे पन्नास वर्षांच्या गाडीवर एकाच ठिकाणी पुट्टी, बाकी सगळा कुर्ल्याचा पत्रा आणि कुर्ल्याचा रंग. मग पांढऱ्या सुती फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन छपराचा कोपरा चोळला. फडक्यावर हस्तिदंती रंग उतरला. याचा अर्थ वर पारदर्शक लाखेचा थर नाही, जुन्या पद्धतीचा एकेरी रंग आहे आणि तो पॉलिशने वर आणता येतो.

असा रंग आज कोणालाही पैसे देऊन मिळणार नाही. वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी बंद पडली. मुंबईत काळी-पिवळी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. ज्या टॅक्स्या गेल्या त्यांच्यावर किती थर रंग होते देव जाणे. न रंगवलेली पद्मिनी म्हणजे त्या कारखान्यातून ती कशी बाहेर पडत होती याचा उरलेला पुरावा.

आता गॅरेजवाल्याची बाजूही सांगतो, कारण तो लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. एक टवका भरायला खरा कामगार दोन-तीन दिवसांत मिळून दोन तास घालवतो. त्याचं बिल किती लावणार? दोनशे रुपये म्हटलं तरी गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा ठिपक्याला? त्यामुळे टवका भरणं हा धंदाच राहिलेला नाही. पूर्ण रंगाचं काम हा धंदा आहे. शिवाय पूर्ण रंगात हिशेब सोपा: सगळं खरवडा, सगळं सपाट करा, सगळं सारखं. पण त्या खरवडण्यात काय जातं बघा. काचांची रबरं काढताना फाटतात. पद्मिनीच्या बीडिंगच्या क्लिपा पन्नास वर्षांनी हात लावताच तुटतात आणि मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठल्या जुन्या बाजारात हिंडत बसा. दाराच्या कडांवर पुट्टी चढते, दार पूर्वीसारखं ‘ठक्’ करून लागत नाही. आणि पत्रा उघडा करून दोन पावसाळी दिवस तसाच ठेवला तर नव्या रंगाखाली गंजाचं बी पेरून दिलं म्हणून समजा.

रंगवणाऱ्या पोराचंही बोलायला हवं. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांच्या वाफेने आणि फवाऱ्याने दमा जडतो, आणि तोंडाला रुमाल बांधून काही अडत नाही. नीट हवा पुरवणारा मुखवटा लागतो. तो मी आपल्याकडच्या छोट्या गॅरेजमध्ये क्वचितच पाहिलाय. आपली हौस म्हणून एखाद्या वीस वर्षांच्या मुलाच्या फुप्फुसात ते जाणार असेल तर निदान गरज आहे का, एवढं तरी विचारावं.

तर मॅडमच्या गाडीवर आम्ही चार रविवार घालवले. आम्ही म्हणजे मी, माझ्याकडे येणारे दोन एनसीसी कॅडेट, ज्यांना गाड्यांचं वेड आहे, आणि खुर्ची टाकून बसलेल्या मॅडम.

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. हे हसण्यावारी नेऊ नका. निम्मे ‘ओरखडे’ ओरखडे नसतातच. कोणाची सायकल, कोणाची रिक्षा घासून गेलेली असते आणि तिचा रंग आपल्या रंगावर बसलेला असतो. हलक्या कंपाउंडने तो निघतो. मात्र थिनर लावू नका. जुना ड्युको थिनरने विरघळतो आणि डाग पुसायला जाऊन खड्डा पडतो. धुऊन झाल्यावर नखाची परीक्षा: ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने काम होतं. अडकलं तर रंग भरावा लागेल. पत्रा दिसत असेल तर आधी गंजाचा बंदोबस्त.

टवका भरण्याचं तंत्र एनडीएत शिकलेल्या प्रत्येकाला खरं तर येतं, फक्त त्याला ते माहीत नसतं. पहिल्या टर्मला आपण रात्र रात्र बूट घेऊन बसायचो. ओला कापूस, बोटभर पॉलिश, छोटी छोटी वर्तुळं, थर वाळू द्यायचा, परत थर. ज्याने घाईत जाड थर लावला त्याच्या बुटाला सकाळी ड्रिलवर तडा. टवक्याचंही तसंच. ब्लेडच्या टोकाने गंज खरवडायचा, गंज मारणारं द्रावण लावून पुसायचं, थेंबभर प्रायमर. गेटाला लावतात तो रेड ऑक्साइड इथे नको, इपॉक्सी प्रायमर चांगला. मग रंग, शून्य नंबरच्या ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने, फक्त खड्ड्यात. भोवतालच्या चांगल्या रंगावर ओघळ येऊ द्यायचा नाही. वाळू द्या. दुसरा थेंब. वाळू द्या. तिसरा, चौथा, भोवतालच्या पातळीपेक्षा केसभर वर येईपर्यंत. मग पंधरा दिवस विसरून जा. त्यानंतर खोडरबरावर दोन हजार नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, पाण्यात बुडवून, फक्त त्या उंचवट्यावरून फिरवा आणि शेवटी कंपाउंड. कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्याची धूळ नाकात जाते.

रंग जुळवणं हा सगळ्यात अवघड भाग, आणि इथे बहुतेक जण डिकीच्या आतला किंवा पेट्रोलच्या झाकणाखालचा रंग दुकानदाराला दाखवतात. तो रंग 1974 चा आहे, पण बॉनेट पन्नास उन्हाळे सोसून आता तशी राहिलेली नाही. आधी बॉनेटचा छोटा भाग पॉलिश करून घ्या, मग तो दाखवून रंग बनवून घ्या. आम्हाला तीन वेळा बनवून घ्यावा लागला. तिसऱ्यांदा दुकानदाराने पिवळ्याचा एक थेंब कमी केला आणि जमलं. आणि दुकानदाराला विचारून घ्या की तो देतोय तो एनॅमल आहे की एनसी. जुन्या एनॅमलवर एनसी लावला तर त्याच्या थिनरने खालचा रंग सुरकुततो. ड्युकोवर एनॅमल मात्र बसतो. या एका माहितीअभावी किती बॉनेट वाया गेलेत!

रंगाचं गाव म्हणाल तर म्हैसूरच. 1937 साली नाल्वडी कृष्णराज वडियारांनी इथे लाखेचा आणि रंगाचा कारखाना काढला. आज तो म्हैसूर पेंट्स अँड वार्निश म्हणून राज्य सरकारचा आहे आणि 1962 पासून आपल्या सगळ्यांच्या बोटावरची मतदानाची शाई तिथूनच येते. मॅडमना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, तो रंग निघत नाही, मग ह्याला तोच लावा की.

क्रोमचं काम मी कॅडेटना दिलं. बंपरवरचे गंजाचे तपकिरी ठिपके घालवायला स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासायचा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. जिथे क्रोमच उडालंय तिथे खड्डा राहणारच, तो राहू द्यायचा. कॅडेटांचा उत्साह बघून ब्रासो मात्र लपवून ठेवावा लागला. वर्षानुवर्षं ब्रासो मारून गुळगुळीत झालेला कॅप बॅज तुम्ही पाहिला असेल, ज्यावरचं ब्रीदवाक्य वाचायला आतलं ज्ञान लागतं. ग्रिलवरच्या नावाचं तसं झालेलं मला नको होतं.

आता तो पुट्टीचा पंजा. मॅडमनी सांगितलं, 1981 मध्ये एका छावणीत त्या गाडी शिकत होत्या आणि क्वार्टरच्या गेटाच्या खांबाला मागचं मडगार्ड घासलं. कर्नल साहेबांनी एका सुट्टीत ते स्वतःच भरलं. हात सैनिकाचा, पेंटरचा नव्हे. पुट्टी उंचसखल, रंग दोन छटा गडद, आणि वरून एक लांब चरा तसाच. मी, जुनं ते जपावं म्हणणारा, लगेच म्हणालो की हे आपण असंच ठेवू, साहेबांच्या हातचं आहे. मॅडमनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी कमांडिंग ऑफिसरांच्या नजरेतही कधी पाहिलेलं नाही. “चाळीस वर्षं तो चरा मला दिसतोय. पार्टीला गेलं की सगळ्या बायकांना हे सांगायचे, ही बघा हिची सही. आधी तो घालवा, बाकीचं नंतर.”

घालवला. एका म्हाताऱ्या डेंटरला घरी बोलावलं. त्याने पुट्टी काढून हातोडी-डॉलीने पत्रा आतून उचलला, अगदी पातळ लांबी ओढली आणि तेवढंच मडगार्ड फवारलं, कडेच्या घडीपर्यंत, म्हणजे जोड दिसू नये. जतनाचा अर्थ गाडीवरची प्रत्येक खूण पवित्र आहे असा होत नाही. कुठली खूण ठेवायची हे ज्याच्या आयुष्यात ती पडली त्याने ठरवावं. माझा आग्रह एवढाच, की एका चऱ्यासाठी बाकीच्या न दुखावलेल्या पत्र्याला शिक्षा नको.

एक प्रकार मात्र वेगळा, कारण तो वरवरचा दोष नाहीच. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयाच्या आवारात गेलो की मला तो नेहमी आठवतो. आपल्यातले बरेच जण ज्या खेत्रपाल परेड ग्राउंडवर तळपत्या उन्हात उभे राहिले, त्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपालांचा ‘फमागुस्ता’ हा सेंच्युरियन रणगाडा अहिल्यानगरलाच आहे. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत तो जिथे लागला ती जागा कोणी पुट्टीने सपाट करायची म्हटलं तर आपण काय म्हणू? तिथे खूण हीच गोष्ट आहे. ती कोणाची खाजगी राहिलेली नाही, त्यामुळे ठरवायचा अधिकारही कोणा एकाचा नाही. मॅडमच्या मडगार्डचं आणि फमागुस्ताचं माप एक नाही हे मला कळतं. म्हणूनच सरसकट रंगवा आणि सरसकट जपा, दोन्ही हुकूम मला चुकीचे वाटतात.

जगात वारं कुठल्या दिशेला आहे तेही सांगतो. कॅलिफोर्नियात पेबल बीचला 1950 पासून जुन्या गाड्यांची स्पर्धा भरते. वर्षानुवर्षं तिथे आरशासारख्या रंगवलेल्या गाड्या जिंकत आल्या. 2024 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च मान 1934 च्या बुगाटी टाइप 59 ला मिळाला. जुना, झिजलेला रंग अंगावर तसाच. जतन केलेल्या गटातल्या गाडीने तो मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. आपल्याकडे 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी, आणि चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल नसलेली. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला मनाई. रंगाचा त्यात थेट उल्लेख नाही. पण ‘मूळ स्वरूप’ हे शब्द सरकारी कागदावर आलेत हे मला पुरेसं वाटतं. 1974 ची गाडी त्या वयाला पोचलीय. फक्त रोज भाजीला न्यायची असेल तर तो नंबर घेऊ नका, मॅडमनी घेतलेला नाही.

पूर्ण रंग केव्हा करावा? चुंबक गाडीभर निसटत असेल तर मूळ रंग आधीच गेलेला आहे, मग हवं ते करा. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर इलाज नाही. आणि दाराच्या खालच्या कडेला किंवा उंबऱ्यावर रंग फुगून फोड आले असतील तर तो गंज आतून बाहेर येतोय. त्याच्यावर टचअप म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. पत्रा कापून नवा जोडावा लागेल, तोही तेवढ्याच भागात. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक असतं: दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं मातीने बुजलेली. काडी घालून ती मोकळी करणं हे पॉलिशपेक्षा दहापट महत्त्वाचं काम आहे, आणि कोणी करत नाही.

मॅडमच्या गाडीच्या उजव्या पुढच्या दाराला असा एक फोड आहे, चार आण्याच्या नाण्याएवढा. त्या म्हाताऱ्या डेंटरने टोकराने दाबून पाहिलं आणि म्हणाला, अजून आरपार नाही, पाऊस लागायच्या आत आणा. तोवर गाडीवरचं प्लॅस्टिकचं मेणकापड काढून टाकायला सांगितलंय, कारण त्याच्याखाली रात्रभर घाम धरतो. सुती चादर पुरे. पोर्चशेजारच्या गुलमोहरावर कावळे बसतात, त्यांची घाण उन्हात वाळायच्या आत ओल्या फडक्याने टिपायची, घासायची नाही. हे काम मॅडमनी स्वतःकडे घेतलंय. मुलाला त्यांनी गाडीचा फोटो पाठवला, त्याने विचारलं, कुठल्या गॅरेजने रंगवली?